बत्तीस अँपिअर गेले कुठे?

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. हसणारच आहात म्हणा, पण निदान तोंडातला चहा गिळून मग हसा!

ठाण्याच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की तेवढ्या खडूत आमच्या सोसायटीला कंपाउंड झालं असतं. करंट हवा? मग पॉवरला व्होल्टेजने भागा. झालं! त्यात काय एवढं?

आणि रिटायर झाल्यावर माणसाचं काय होतं, सांगू? कोणी काही विचारतच नाही! घरातली इस्त्री बिघडली तरी हे परस्पर दुकानात टाकून आले. मी समोर बसलेली, फिजिक्सची मास्तरीण!

अशात एका मंगळवारी सकाळी प्रणाली जाधवचा फोन. ही माझी जुनी विद्यार्थिनी. डोंबिवलीच्या एमआयडीसीत तिचं छोटंसं युनिट आहे. भिंतीच्या रंगात घालतात ती निळी पेस्ट बनवते.

"मॅडम, टाकी ढवळायची मोटर सारखी बंद पडतेय. वायरमनकाका म्हणतात मोटरला काही झालेलं नाही. सहज एकदा बघाल का?"

सहज? पंधराव्या मिनिटाला मी रिक्षात होते!

तिथे पोचले तर सगळ्यांचे चेहरे पडलेले. ढवळणं फार वेळ थांबलं की पेस्ट तळाशी बसते, आणि मग ती छिन्नीने फोडून काढावी लागते. टाकी भरलेली, संध्याकाळी टेम्पो यायचा, आणि मोटर दहा मिनिटं चालली की खट्! पुन्हा बंद.

पॅनेलसमोर वायरमन गायकवाड उभे होते. पन्नाशीचे, शांत, खिशात टेस्टर. एमआयडीसीतली पाच-सहा युनिटं तेच सांभाळतात.

"हा रिले बघा मॅडम," त्यांनी एक छोटी काळी डबी दाखवली. "मोटरने ठरल्यापेक्षा जास्त करंट ओढला की हा तिला बंद करतो. चौदा अँपिअरवर लावलाय."

"चौदा?" माझे कान टवकारले. "मोटर किती किलोवॅटची आहे?"

"साडेसात. म्हणजे दहा एचपी."

मी पर्समधून पेन काढलं. साडेसात हजार भागिले दोनशे तीस. बरोबर ना? आपल्या घरात किती व्होल्ट असतात? दोनशे तीस! उत्तर आलं साडेबत्तीस.

"अहो गायकवाड! हिला बत्तीस अँपिअर लागतात आणि तुम्ही चौदावर अडवताय? तहानलेल्या माणसाला चमच्याने पाणी पाजताय तुम्ही! बंद नाही पडणार तर काय?"

प्रणाली चमकून त्यांच्याकडे बघायला लागली. आणि खरं सांगू? मला फार बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी कोणीतरी माझं उत्तर खरं धरत होतं.

"तसं नसतं ओ मॅडम," गायकवाड म्हणाले. "दहा एचपीला चौदाच अँपिअर. सगळीकडे असंच लावतो आम्ही."

"सगळीकडे?" मी आवाज चढवला. "म्हणजे एमआयडीसीतल्या सगळ्या मोटरी उपाशी?"

आता गप्प बसावं ना माणसाने? पण नाही. माझ्यातली प्रॅक्टिकल घेणारी बाई जागी झाली होती. "मोजून दाखवा!" मी म्हटलं.

त्यांनी मोटर चालू केली, मला दोन पावलं मागे उभं केलं आणि क्लॅम्प मीटर काढला. चिमट्यासारखा जबडा असतो बघा त्याला. वायर त्या जबड्यात आली की आतला करंट दिसतो, वायर कापायला नको. मी कॉलेजात कधी हाताळला नव्हता, त्यामुळे अगदी मान लांब करून बघत होते.

मोटरला जाणाऱ्या वायरी तीन. पहिलीत सोळा अँपिअर.

"बघा मॅडम, चौदाच्या वर चाललीय. मोटरवर लोड येतोय, म्हणून—"

"दुसरी मोजा."

सोळा.

"तिसरी?"

सोळा.

मी बेरीज केली. सोळा, सोळा आणि सोळा. अठ्ठेचाळीस! अहो, मघाशी बत्तीसला कमी पडत होता करंट, आता सोळा अँपिअर जास्त! मग हे वरचे सोळा जातात कुठे?

"प्रणाली," मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "कुठेतरी गळती आहे गं. नाहीतर तुझ्या लाइनवरून शेजारचा कोणीतरी वीज ओढतोय."

ती बिचारी गेली ना धावत भिंतीपलीकडे डोकवायला! शेजारी पुठ्ठ्याची खोकी बनवतात. तिथला म्हातारा सुपरवायझर सगळी मशीनं बंद करून जेवणाचा डबा उघडून बसला होता. त्याने हिला चपाती-भाजी खायला बोलावलं.

इकडे मी गायकवाडांना म्हटलं, "एकेक कशाला मोजता? तिन्ही वायरी एकदम घाला चिमट्यात. एकूण किती ते तरी कळू दे!"

 त्यांनी तिन्ही वायरी जबड्यात घेतल्या.

मीटरवर आकडा आला शून्य.

मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. शून्य! समोर मोटर घुं घुं करतेय, टाकीतली पेस्ट गरगरतेय, आणि मीटर म्हणतो वायरीत काहीच नाही!

"मीटर गेलाय तुमचा," मी निकाल दिला.

तेवढ्यात खट्! मोटर पुन्हा बंद.

प्रणाली पळत आली. टाकीत वाकून बघितलं आणि रडवेली झाली. "मॅडम, काय करू सांगा ना. मोठा रिले मागवू? कल्याणच्या दुकानात आहे, ते लगेच पाठवतील."

"मागव," मी म्हटलं. काय आत्मविश्वास! "आणि बत्तीसवर लाव."

तिने फोन हातात घेतला. गायकवाडांनी स्क्रूड्रायव्हर पॅनेलवर ठेवून दिला.

"प्रणालीताई, मागवा खुशाल. पण बसवायला दुसरा माणूस बोलवा. बत्तीसवर लावला तर मोटर कितीही तापली तरी तो बंद करणार नाही. आतली तारेची वाइंडिंग जळून जाईल. माझ्या हातून नाही होणार ते."

रागावले नव्हते हो. आवाजसुद्धा चढला नव्हता. पण मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलं असतात ना वर्गात? त्यांचा चेहरा असाच असतो.

"गायकवाड," मी हळूच विचारलं, "मग तुमचे चौदा आले कुठून?"

ते मोटरजवळ गेले. तिच्यावरच्या माहितीच्या प्लेटवर निळा रंग लागला होता. फडक्याने पुसला. "हे वाचा."

"चारशे पंधरा. हा मॉडेल नंबर ना?"

"व्होल्ट आहेत, मॅडम."

थ्री फेज! अहो, तीन वायरींतून येणारी कारखान्याची वीज! मी घरातल्या मिक्सरचा हिशेब कारखान्याच्या मोटरला लावत होते!

त्यांनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. "साडेसात हजार भागिले चारशे पंधरा. मग भागिले एक पॉइंट सात तीन दोन. पॉवर फॅक्टर, एफिशियन्सी मिळून पाऊण धरा, त्याने भागा." तेरा पॉइंट नऊ! "आणि हा करंट प्रत्येक वायरीत तेवढाच. बेरीज नाही करायची."

"मग आज सोळा का?"

"तेच मघापासून सांगतोय! पेस्ट घट्ट झालीय. ढवळताना मोटरची दमछाक होतेय."

प्रणालीने बॅचचा कागद बघितला. आज पाण्याचं एक माप टाकायचंच राहिलं होतं. पाणी घातलं, रुतलेली पाती हाताने फिरवून थोडी मोकळी केली आणि मोटर चालू केली. बारा अँपिअर! दहा मिनिटं झाली, वीस झाली. खट् नाही की काही नाही. टेम्पो वेळेवर भरला.

पण माझं मन त्या शून्यातच अडकलेलं. "गायकवाड, हा एक पॉइंट सात तीन दोन येतो कुठून?"

"ते नाही माहीत, मॅडम. आयटीआयमध्ये सांगितलं होतं, भागायचं. तेव्हापासून भागतोय. तुम्हाला माहितीय?"

हा प्रश्न मला कोणी विचारावा आणि मी गप्प बसावं? एक रिकामं खोकं ओढलं आणि त्यावर मार्करने तीन बाण काढले, एकमेकांपासून एकशेवीस अंशांवर.

"हे तीन फेज. प्रत्येक बाण दोनशे चाळीस व्होल्टचा; घरात आपण ढोबळ दोनशे तीस म्हणतो. आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ मारा. तिची लांबी बाणाच्या वर्गमूळ तीन पट. दोनशे चाळीस गुणिले एक पॉइंट सात तीन दोन, चारशे पंधरा! आणि करंटचे बाणही असेच. ते एकापुढे एक जोडले की त्रिकोण बंद होतो, निघालो तिथेच परत. म्हणून तिन्ही एकदम मोजले की शून्य! मीटर ठणठणीत आहे तुमचा."

गायकवाड खोक्यावर वाकले. बोटाने बाण गिरवले. चेहरा असा उजळला की माझ्या एकतीस वर्षांचं सार्थक झालं.

मग मान वर करून अगदी निरागसपणे त्यांनी विचारलं, "म्हणजे मॅडम, तुम्हाला हे सगळं आधीपासून येत होतं?"

हो ना! तीच तर पंचाईत! येत नसतं, तर मी गप्प तरी बसले असते!