नलूताईंचा घड्याळाचा धडा

आपण कुणाला कसं झापलं, हे पत्रकार चहाच्या टपरीवर रोज सांगतो. कुठं गप्प बसावं लागलं, ते किस्से मात्र पोटातच साचतात. माझे असे बरेच साचलेत. बहुतेक स्पॅनिशमधले, आणि सगळ्यांना नलूताई जबाबदार.

झालं असं, की एका संस्थेनं खाणींच्या भागातले पत्रकार बोलिव्हियाला पाठवायचं ठरवलं. भिलाईतून मी. तीस वर्षं अधिकाऱ्यांशी हुज्जत घातलेला, पण हिंदीत! म्हणून सेक्टर सहामध्ये नलूताईंच्या व्हरांड्यातल्या स्पॅनिशच्या क्लासला जायला लागलो. ताई निवृत्त शिक्षिका.

पहिल्याच दिवशी मी शब्दांची यादी नेली: भ्रष्टाचार, चौकशी, राजीनामा. ताईंनी ती घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली.

"तुले तिथं भांडाले जायचं आहे का बोलाले?"

"दोन्ही एकच आहे, ताई."

"मंग आधी नमस्कार शिक."

*

क्लासचा नियम एकच. दुसऱ्याला विचारायच्या आधी आपलं सांगायचं. माझे वडील अमुक वाजता कामाला जातात, तमुक वाजता घरी येतात. आणि आपले?

घड्याळाचा धडा तर तीन आठवडे चालला. क्लासमधले सगळे कारखान्यातल्या शिफ्टवाल्यांच्या घरातले, त्यामुळे घरच्या वेळा सांगायला सगळ्यांना ऊत आलेला. मी वैतागलो. म्हटलं, मले काय तिथं घड्याळं विकायची आहेत?

"बाबा किती वाजता निघत होते, ते सांग," ताई म्हणाल्या.

माझे बाबा भिलाईजवळ नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत होते. सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत सांगायला लावलं.

*

तिकडं पहिल्याच हॉटेलात गरम पाणी नव्हतं. इथं असतो तर मॅनेजरला वर बोलावून सोलून काढला असता. तिथं तोंडातून निघालं, "माफ करा साहेब, पाणी थंड आहे. मला दोन मुली आहेत. आणि आपल्याला?"

मॅनेजर स्वतः गरम पाण्याची बादली घेऊन वर आला आणि अर्धा तास नातवंडांचे फोटो दाखवत बसला. पाणी पुन्हा गार झालं.

*

खाणीच्या गावात दुभाषा कंपनीनंच दिला होता. म्हणजे प्रश्न माझा, उत्तर कंपनीचं. त्याला सोडून मी एकटाच कंपनीच्या ऑफिसात गेलो.

खाणीत दरड कोसळून माणसं गेली होती. मातेओ नावाचा एक कामगार तेव्हापासून बेपत्ता होता. तिथल्या साहेबानं त्या दिवसाचं हजेरीचं रजिस्टर पुढं सरकवलं. मातेओची सही नव्हती. साहेबाचं म्हणणं, तो त्या दिवशी आलाच नव्हता, मग मृतांच्या यादीत कसा घालायचा?

हिंदीतली सगळी उत्तरं माझ्या जिभेवर होती. स्पॅनिशमध्ये एवढंच जमलं, "धन्यवाद. आपला दिवस चांगला जावो."

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

*

मातेओची आई, रोसाबाई, पत्रकारांशी बोलायच्या बंद झाल्या होत्या. सगळे येऊन विचारून जात, परत कुणी फिरकत नसे. मी नीट नमस्कार केला म्हणून त्यांनी दार उघडलं आणि स्टूल दिलं.

मला एकच विचारायचं होतं: त्या सकाळी मातेओ किती वाजता घरून निघाला? तो त्या दिवशी कामाला गेला होता, हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

पण सवय लागलेली. आधी आपलं.

"माझे बाबा खाणीत होते. पहाटे पाचला निघायचे. सायकलनं. डब्यात भाकरी. दुपारी तीनला घरी यायचे."

धडा ओघात पूर्ण म्हणून गेलो. शेवटचं वाक्य बाहेर पडलं आणि वाटलं, हे परत गिळता आलं तर बरं. पुढचं 'आणि आपला?' मी विचारलं नाही. वही मिटली.

रोसाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी माझी वही उघडून माझ्या मांडीवर ठेवली.

"माझा पावणेपाचला निघाला. दोन पाव घेऊन," त्या म्हणाल्या. "लिहा."