मेंढरांचा धडा

सटवा गेल्याचं मला हिंगोलीच्या बाजारात त्याच्या चुलत्यानं सांगितलं. "हिवतापानं गेलं आमचं पोरगं," एवढंच बोलले आणि घोंगडी सावरत उभे राहिले... मला हातातली पिशवी खाली ठेवायचंही सुचेना.

काही दिवसांपूर्वीच तो येऊन गेला होता. निजामाचं राज्य संपलं, शाळा आता मराठीतून भरणार, म्हणून नुसता हरखला होता. "मी पुन्हा बसणार हाय परीक्षेला," म्हणाला. "आता बघतो, कोण नापास करतंय ते."

आम्ही एका वर्गात होतो. सगळं शिक्षण उर्दूत. माझे वडील कचेरीत, घरात उर्दूचा राबता, म्हणून माझं निभावलं. सटवा धनगराचा. बाजारातलं हिंदी त्याला यायचं, पण पुस्तकातली ती फारसीनं लदलेली भाषा त्याला समजावणार कोण? एका मास्तरांकडं तीन वर्ग. मग पठ्ठ्यानं धडेच्या धडे पाठ केले. तपासणीला साहेब आले, तेव्हा एक अख्खा धडा न अडखळता म्हणून दाखवला. साहेब खूश झाले. "अब इसका मतलब बताओ," म्हणाले. सटवानं पुन्हा पहिल्या ओळीपासून धडा सुरू केला. वर्ग पोट धरून हसला आणि मास्तर चिडून म्हणाले, मठ्ठ आहे. तेच नाव त्याला चिकटलं.

घरी जाताना मी त्याला सांगितलं, अरे, तो धडा मेंढरं कशी सांभाळावीत याचा होता. पावसाळ्यात कोरड्यात बसवावीत, नाहीतर खुरं कुजतात वगैरे. तो वाटेतच खाली बसला. "मेंढरांचा व्हय? मंग मला तसं काहून न्हाई इचारलं?" या प्रश्नानं मला अजून संताप येतो. दोनदा नापास होऊन तो मेंढरांमागं गेला.

परवा त्याच्या घरी गेलो. त्याच्या मायनं पाणी दिलं, समोर बसली. "खरं सांग बाबा, मठ्ठ होतं व्हय माझं लेकरू?"

मी तिला त्या धड्याची सगळी हकीकत सांगितली.

"मास्तर शिकलेला माणूस. वाटलं, त्याला बराबर ठाऊक असंल," ती म्हणाली. "मी बी मठ्ठ्याच म्हणत आले. तापात पाणी पाजताना बी..."

दिवस मावळत होता, मेंढरं परतत होती. या वेळेला दारातून लेकाला हाक मारायची तिची रोजची सवय. ती उठली, चौकट धरून रानाकडं तोंड करून उभी राहिली.

"सटवाजी," तिनं हाक मारली, "ये बाबा घरी."