चव पाहणारा हात

स्वयंपाकवाल्या बायांसमोर मॅडमनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

मंगळवार अन् शुक्रवार माझी पाळी. शाळेतलं जेवण लेकरायले वाढायच्या आधी एका मास्तरानं नाईतर बाईनं चव पाहायची अन् वहीत सही करायची, असा नियम आहे. बाजारहत्नूरकडच्या आमच्या सरकारी मराठी शाळेत मी शिकवते, सहा वर्सं हे कामबी करून राह्यली. त्या दिवशी वरण-भात अन् अंडं होतं. मी पहिला घास उचलला अन् हेडमास्तरीण मॅडम आल्या.

"आजपासून तुम्ही चव पाहायची नाही. भांड्यांना हात लावू नका."

मी इचारलं, काऊन?

"कारण तुम्हाला माहीत आहे."

वहीत माझं नाव लाल पेनानं खोडलं होतं. त्याखाली शोभाचं लिहिलं होतं. शोभा आमच्याच शाळेतली बाई, माझी मैत्रीण. ती आली, मान खाली घालून दोन घास खाल्ले, सही केली अन् गेली. माझ्याकडं एकदाबी पाह्यलं नाई.

पहिले मले वाटलं, जातीचंच असंल. आमी बौद्ध. माझी माय ज्यायच्या वावरात निंदाले जाये, तिथं तिचा चहाचा कप गोठ्याच्या कुडात खोचलेला राहे. मॅडमबी तशाच मोठ्या घरच्या. पण शोभा तर आमच्याच वस्तीतली. तिचा हात चालते अन् माझा नाई? मंग माझ्या ध्यानात आलं. शोभानं सांगतलं होतं.

काय सांगतलं ते मीच सांगते. मी छत्तीस वर्सांची आहे. नवरा जाऊन चार वर्सं झाली. माझं शरीर काई त्याच्यासंगं जळलं नाई. कधी कधी दार लावून, एकटी, मी माझ्या देहाचं सुख माझं मीच घेते. कोणाचं हिसकलं नाई, कोणाले फसवलं नाई. एवढंच आहे ते.

शोभाचा नवरा बेल्लमपल्लीले कोळशाच्या खाणीत. महिन्यातून एकदा येते. एका रविवारी वंदना झाल्यावर आमी विहाराच्या पायरीवर बसलो होतो. तिनंच इचारलं, तू कशी राहतं बाई एकटी? मी सांगून टाकलं. ती पदर तोंडाले लावून म्हणाली, "मीबी." आमी दोघी डोळ्यात पाणी येईपर्यंत हासलो. इतकं मोकळं मले नवरा होता तवाबी वाटलं नव्हतं.

माझं भेवबी तिलेच सांगतलं. मले चक्कर येये, कंबर दुखे. बाजारातल्या एका वैद्यानं खोदून खोदून इचारलं अन् म्हणला, ह्या सवयीनंच तुझं रक्त जळून राह्यलं, पुढं येड लागंल. त्याच्या काळ्या पुड्या मी दोन महिने खाल्ल्या. पोटात आग पडली, ओकाऱ्या सुरू झाल्या. शेवटी शोभाच मले उटनूरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं. म्हणाल्या, रक्त कमी आहे, गोळ्या घ्या अन् त्या पुड्या फेका. मी चाचरत ते दुसरं इचारलं. त्या म्हणाल्या, तो आजार नाई, त्यानं रक्तबी जळत नाई अन् येडबी लागत नाई. शोभानं माझा हात घट्ट दाबला. बसमध्ये आमी दोघी शेंगा खात आलो.

मागून कळलं, दोघींनी एकाच दिवशी सुट्टी घेतली म्हणून मॅडमले संशय आला. एक विधवा, एकीचा नवरा दूर, अन् दोघी बायांच्या डॉक्टरकडं. त्यायनं शोभाले एकटीले बोलावलं अन् इचारलं, दोघींतून पोट कोणाचं? शोभा भेली. आपल्यावरचं झटकासाठी तिनं माझं सगळं ओतलं. तिचं 'मीबी' तेवढं गिळलं.

जेवणाची सुट्टी संपल्यावर मॅडमनं मले ऑफिसात बोलावलं. साक्षीले शोभा उभी होती. टेबलावर कोरा कागद.

"लेकरं तुमच्या हातचं खातात. विधवेनं मन ताब्यात ठेवावं. ही घाण सवय सोडली असं लिहून द्या, विषय संपला. नाहीतर मला वर कळवावं लागेल."

नोकरी गेली तर मी कुठं जाणार होती? पेन उचलून मी शोभाकडं पाह्यलं. माझ्या एका शब्दानं ती माझ्या बाजूले आरोपी म्हणून उभी झाली असती. तिलेबी ते कळलं, तोंड पांढरं पडलं तिचं. शब्द माझ्या जिभेवर आला होता. खोटं कशाले बोलू, लय आला होता.

मंग मी कागदावर लिहिलं: 'मला चव पाहण्याच्या कामावरून काढले आहे. कारण लेखी कळवावे.' खाली सही केली. कागद मॅडमच्या पुढं सरकवला. म्हणलं, आता जे बोलल्या ते सगळं लिहा, मीच घेऊन जाते वर.

मॅडमनं पेनाचं टोपण लावलं. "असलं कुणी लिहितं का?"

"बोलता येते, मंग लिहिता काऊन येत नाई?"

मी बाहेर निघाली. कागद तसाच पडून होता.

व्हरांड्यात शोभानं मले गाठलं. रडत होती. म्हणाली, "तू माझं नाव नाई घेतलं."

"घेणारबी नाई. तू काई गुन्हा केला नाई, मीबी नाई. पण तू मले विकलं शोभा. आता बसमध्ये माझ्या बाजूले बसू नको."

हे मले आजबी दुखते, मॅडमच्या बोलण्यापेक्षा जास्त. मी तिले माफ केलं नाई.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली. मी नळावर हात धुतले, रोज धुते तितकेच. स्वयंपाकवाल्या बाईनं ताट पुढं केलं. मी घास खाल्ला. मीठ कमी होतं, तसं सांगतलं. मंग वहीत लाल रेघेच्या खाली माझं नाव परत लिहिलं अन् सही केली. मॅडम दारातून पाहत होत्या.

लेखी कारण अजून आलं नाई. आलं तर ते घेऊन वर जाईन अन् सगळ्यायसमोर वाचून दाखवीन. तोवर मंगळवारी अन् शुक्रवारी ह्याच हातानं चव पाहीन.