राहूचं घर
कॉफीच्या बिया भाजल्याचा वास आला की सत्तरच्या दशकातलं दौंड स्टेशन आठवतं. इथिओपियात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवून मामा-मामी कायमचे परतणार होते. म्हातारपणासाठी दौंडजवळच्या राहू गावाला त्यांचं घर बांधून तयार होतं, अगदी मामीच्या मनासारखं. गाडीतून मामा एकटेच उतरले, हातात बियांची पिशवी. "दादा, वैनी कुठंय?" आईनं विचारलं. "मागच्या महिन्यात तिथंच माती दिली. तुम्हाला लिहायला हात धजला न्हाई." राहूला ते सगळ्या खोल्यांतून फिरले, पण बसले नाहीत. किल्ली त्यांनी माझ्या वडिलांच्या हातात दिली. "दाजी, तुम्ही ऱ्हावा इथं. तिच्याजवळ तिकडं कुणी न्हाई." पावसाळ्याआधी ते परत गेले, ते कायमचेच. आता माझ्या निवृत्तीनंतर कुठं राहायचं, हा विषय घरात निघतो, तेव्हा मी उठून कॉफीच्या बिया भाजायला घेते.