माय रडली नव्हती

कपाशीवर फवारणी सुरू झाली की त्या औषधाच्या उग्र वासानं मला मोताळ्याचं सायबर कॅफे आठवतं. ते कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत होतं. मराठी ब्लॉग मला तिथेच सापडले. कुणी आपल्या मांजरीवर लिहीत होतं, कुणी परदेशातल्या बर्फावर. कुणाला न विचारता माणसं मनातलं लिहीत होती. मी हरखून गेले.

मग एका ब्लॉगवर माझ्या मायचा फोटो दिसला. लिहिणारा पुण्याचा होता. बीटी कपाशी लाल पडून हातची गेली त्या साली तो आमचं गाव पाहायला आला होता आणि आमच्याकडे जेवला होता. त्यानं लिहिलं होतं, ‘कपाशी दाखवताना ती माउली ढसाढसा रडली.’ खाली वाचकांची वाहवा होती.

घरी येऊन मायला सांगितलं.

“मी कवा रडली वं? भाकर घे म्हणून हासून राह्यली होती मी. लिही त्याले, रडली नाही म्हणून.”

मी दुसऱ्या दिवशी कॅफेत जाऊन त्या लेखाखालच्या प्रतिक्रियांत तसंच लिहून पाठवलं. त्यानं ते छापलंच नाही. तेव्हा नुसता राग आला होता. आता किळस येते. माय जाऊन वर्षं झाली, पण त्या पानावर ती अजून रडते आणि लोक खाली ‘सुंदर’ लिहितात.