कव्हराखालचा सौदा

घोडेगावच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने सांगत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात घेतात, वरून टॉवेल टाकतात आणि बोटं दाबून बोलतात. भोवती माणसं उभी असतात, पण कुणाला काही कळत नाही. कळलंच तर त्या दोघांच्या चेहऱ्यावरून, आणि मुरलेला दलाल चेहराही हलू देत नाही. माझे सासरे असे दलाल होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते हयात नव्हते. एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, गाडीच्या चाकाला टेकून बसले ते उठलेच नाहीत. लोकांना वाटलं, डुलकी लागली आहे. हे मला माझ्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आम्ही जामखेडला राहायचो. मी शाळेत मराठी शिकवत होते. नवऱ्याचा स्टँडजवळ एक गाळा होता. तिथे ते कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल आणि एका साप्ताहिकाची पानं जुळवून द्यायचे. नव्वदचं दशक निम्मं उलटून गेलं होतं. गावात कॉम्प्युटर म्हणजे अजून बघायला येण्याची वस्तू होती.

त्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर मशीन अडायला लागलं. पत्रिकेत रंगीत चित्र टाकलं की आतून दळल्यासारखा आवाज यायचा आणि पडदा थिजून जायचा. मेमरी कमी पडते, ते म्हणायचे. टेबल लहान असलं की एक कागद काढल्याशिवाय दुसरा ठेवता येत नाही, तसं. मेमरी वाढवायची तर आमच्या मशीनला ती जोडीनेच घ्यावी लागायची, दोन सारख्या पट्ट्या. एक जलद आणि एक मंद अशी जोडी लावली तर काम मंद पट्टीच्याच चालीने होणार, आणि कधीकधी होणारच नाही. हे समजावताना त्यांना बैलांचीच उपमा सुचायची.

त्याच दिवसांत त्यांचं स्वतःचं काहीतरी बिघडत चाललं होतं. उशीखाली दुसरी उशी आली. गाळ्याचं शटर वर करायला शेजारच्या सायकलवाल्याला हाक मारणं सुरू झालं. मी विचारलं की म्हणायचे, "शटर जाम झालंय." मी एकदा ते स्वतः उचलून पाहिलं. सहज वर गेलं.

गावातल्या डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, बराच वेळ बघितली आणि चिठ्ठी लिहून दिली. नगरला दर गुरुवारी पुण्याहून हृदयाचे डॉक्टर यायचे, बारापासून चारपर्यंत बसायचे. "येत्या गुरुवारीच जा," ते माझ्याकडे बघून म्हणाले. त्यांनी ते पेशंटकडे बघून म्हटलं असतं तर मला इतकी भीती वाटली नसती.

गुरुवारी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. माझ्या पर्समध्ये चिठ्ठी आणि छातीची पट्टी. त्यांच्या खिशात एक फ्लॉपी.

"ही कशाला?"

"डॉक्टर बाराशिवाय येत नाहीत. तोवर दोन दुकानं बघून होतील."

त्या फ्लॉपीत त्यांच्या वडिलांचा फोटो होता. बाजारात एका खिलारी जोडीजवळ उभे, डोक्यावर फेटा, उन्हाने डोळे बारीक केलेले. हा फोटो त्यांनी स्कॅन करून ठेवला होता. मेमरी चांगली की वाईट हे बघायची त्यांची रीत अशी की तो फोटो पडद्यावर मोठा करायचा आणि मशीनला सांगायचं, उलटा फिरव. जेवढ्या लवकर फिरेल तेवढी मेमरी सरस. घरी फिरवायला लावला की मी चहा टाकायची. चहा उकळून गाळून होईपर्यंत सासरे वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उलटे होत असायचे. मला ते बघवायचं नाही. "दुसरा एखादा फोटो घ्या ना," मी म्हणाले होते. ते म्हणाले, "याची सवय झालीय. याच्यात काय बिनसलं तर मला लगेच कळतं."

पहिलं दुकान काचेच्या दाराचं. टाय लावलेल्या विक्रेत्याने सीलबंद पाकीट दाखवलं. नामांकित कंपनी, कायमची गॅरंटी. पट्टीवर वेगाचा आकडा साठ होता, आणि या आकड्याचं गणित उलटं असतं, लहान तेवढा चांगला. फोटो झपकन फिरला. किंमत ऐकून ते हसले. "एवढ्यात आमच्याकडं म्हैस येते," म्हणाले. विक्रेता म्हणाला, "म्हैस पत्रिका छापत नाही, सर." दोघंही हसले. आम्ही बाहेर पडलो.

दुसरं दुकान एका साड्यांच्या दुकानाच्या वर, दोन जिने चढून. पहिल्या वळणावर ते थांबले. खिशातून पहिल्या दुकानाची भावाची चिठ्ठी काढली आणि वाचायला लागले. चिठ्ठीवर एकच ओळ होती.

"काय बघताय?"

"कर धरून सांगितलाय का सोडून, ते बघतो."

दुसऱ्या वळणावर पुन्हा तीच चिठ्ठी. तोपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं. मी एक पायरी खाली उभी राहिले. वरून कुणी उतरत आलं असतं तर त्याला वाटलं असतं की नवराबायको भावावरून घोळ घालताहेत.

इथली जोडी पहिलीच्या निम्म्यात होती. ना कंपनीचं नाव, ना पाकीट. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या पट्ट्या, आकडा सत्तर. फोटो फिरायला लागला, अर्ध्यात आला आणि मशीन थिजलं. वरच्या अर्ध्या पडद्यावर नवा, उलटा फोटो. खालच्या अर्ध्यावर जुना, सुलटा. म्हणजे वर बैलांचे आणि माणसाचे पाय, खालीही पायच. चेहरा कुठेच नव्हता.

दुकानदार म्हणाला, "गरम झालं असंल. पत्र्याखाली होतं असं कधीकधी."

"आमचा गाळाही पत्र्याचाच आहे," ते म्हणाले. पण लगेच उठले नाहीत. पडद्याकडे बघत बसून राहिले. खाली उतरल्यावर मी म्हणाले, "बारा वाजून गेले. आता दवाखान्यात."

"तिथं आता सगळा जिल्हा बसला असेल. गर्दी थोडी ओसरू दे. एकच राहिलंय."

तिसरं दुकान गल्लीत, तळमजल्यावर. मालक पन्नाशीचा, ढगळ सदरा घातलेला. बोलण्यावरून नेवाशाकडचा वाटला. ह्यांनी विचारलं तर म्हणाला, "व्हय, घोडेगावाच्या अलीकडं आमचं गाव." मग काय, सासऱ्यांची ओळख निघाली आणि गप्पा लांबल्या. त्याने लहानपणी त्यांना बाजारात पाहिलं होतं. "लई कडक माणूस. त्यांच्या हातात हात दिला की घाम फुटायचा म्हणत्यात."

त्याच्याकडची जोडी साठाची होती. पाकीट नव्हतं, पण पट्टीवरच्या चिप्सवर चांगल्या कंपनीचं नाव होतं, आणि दोन्ही एकाच लॉटमधल्या. किंमत आधीच्या दोन दुकानांच्या मध्ये. एव्हाना तीन वाजत आले होते. तो तिघांसाठी रसवंतीतून उसाचा रस मागवत होता, ह्यांनी नको म्हटलं. कपाळावर घाम होता, आणि पंखा तर अगदी डोक्यावर फिरत होता.

"भाव कसा करायचा?" दुकानदाराने विचारलं.

"आपल्या पद्धतीनं," ते म्हणाले.

दुकानदाराला मजा वाटली. शेजारी एका मशीनवर धूळ बसू नये म्हणून निळं कापडी कव्हर घातलेलं होतं. ते त्याने ओढून घेतलं, दोघांनी काउंटरवर हात पुढे केले आणि वर कव्हर टाकलं. मी बाकावर बसून बघत होते. दुकानदार आधी हसत होता. मग त्याचं हसू गेलं. तो ह्यांच्याकडे बघू लागला, आणि हे समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. कव्हर जराही हलत नव्हतं. बाहेरून भंगारवाल्याची हाक आली आणि गेली.

"सौदा झाला," दुकानदार एकदम म्हणाला. "तुमी म्हणाल तो भाव."

त्याने कव्हर काढलं तेव्हा दोन्ही हात वेगळे झाले होते. ह्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बघितलंस, असं. दुकानदार मात्र माझ्याशी बोलला.

"वहिनी, आज नगरला कशाला आलतात?"

"डॉक्टरकडे. चारपर्यंतच बसतात ते."

"मग आधी तिकडं जा. जोडी कुठं पळून जात न्हाई. मी बांधून ठिवतो."

"चालवून बघितल्याशिवाय?" हे म्हणाले. "वडील ऐकतायत वरून."

बाजारातली दुसरी रीत ही. भाव ठरला तरी बैल चालवून बघितल्याशिवाय दावं सोडत नाहीत. औताला जुंपायचा, दहा पावलं न्यायचा, वळवायचा. वळताना कोणता खांदा टाकतो ते बघायचं. दुकानदाराला ती रीत माहीत होती, म्हणूनच त्याला नाही म्हणता येईना. मी म्हणाले, "अहो, घरी जाऊन चालवा." ते म्हणाले, "घरी नेल्यावर बैल लंगडा निघाला तर कुणाला सांगायचं? पाच मिनिटांचं काम आहे."

दुकानदाराने घाईने मशीन उघडलं, पट्ट्या बसवल्या. मशीन पिपाणीसारखं ओरडलं. पट्ट्या काढल्या, टोकांच्या पिवळ्या दातांवर खोडरबर फिरवलं, पुन्हा बसवल्या. या वेळी मशीनला एकच पट्टी दिसली. त्याने दुसरी उपसून पुन्हा दाबली. "सावकाश करा," हे त्याला म्हणाले, "मला घाई नाही."

शेवटी काळ्या पडद्यावर आकडे चढायला लागले. मशीन सुरू होताना मेमरी अशी मोजून घेतं. एक बटण दाबलं की मोजणी टाळता येते आणि सगळे ती टाळतात. ह्यांनी टाळू दिली नाही. आकडे शेवटपर्यंत गेले. मग फ्लॉपी घातली, फोटो उघडला. सासरे डोळे बारीक करून आमच्याकडे बघत उभे राहिले, आणि एका श्वासात डोकं खाली, पाय वर.

"पक्की जोडी," हे म्हणाले आणि खिशातल्या नोटा पुढे केल्या; दुकानदाराने त्या न मोजताच गल्ल्यात टाकल्या.

दुकानदाराने शटर अर्धं ओढलं आणि ह्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. मी रिक्षाने गेले. दवाखान्यात पोचले तेव्हा कंपाउंडर बाकं भिंतीला लावून फरशी पुसत होता. पुण्याच्या डॉक्टरांची गाडी नुकतीच गेली होती. दुकानदार कंपाउंडरशी तावातावाने बोलत होता, दुसरे कुणी डॉक्टर असतील तर त्यांना बोलाव म्हणत होता. हे बाकावर बसून मलाच समजावत होते, "आता एकदम हलकं वाटतंय. पुढचा गुरुवार काही लांब नाही." कंपाउंडर म्हणाला, "पहिला नंबर तुमचाच लावतो."

एसटीत त्यांनी ते लहानसं पुडकं मांडीवर धरलं होतं. कडा गेलं, आष्टी गेलं. खिडकीबाहेर कापणी झालेली रानं होती, त्यांच्यावर लांब सावल्या पडलेल्या. "कसा उतरवला भाव," ते म्हणाले. "वडिलांना आवडलं असतं." मी म्हणाले, "हो."

दुसऱ्या दिवशी जोडी मशीनमध्ये बसली. दळण्याचा आवाज बंद झाला. अडलेल्या पत्रिका भराभर निघायला लागल्या, गाळ्यातून शिट्टी ऐकू यायची. सोमवारी दुपारी सायकलवाला चहा घेऊन आत गेला तर ते खुर्चीत मागे टेकून बसले होते. त्याला वाटलं, डुलकी लागली आहे. चहा ठेवून तो परत गेला. मशीन चालूच होतं.

गुरुवारी घर माणसांनी भरलेलं होतं. बाराच्या सुमाराला मी घड्याळाकडे बघितलं, तेवढंच.

पंधरा-वीस दिवसांनी नगरचा दुकानदार आला. त्याला साप्ताहिकवाल्यांकडून कळलं होतं. चहा घेता घेता म्हणाला, "हात हातात आला तवाच मला समजलं हुतं. पाण्यातनं काढल्यावानी गार. मी जोडी तशीच बांधून द्यायला पायजे हुती."

मी म्हणाले, "त्यांनी तशी घेतली नसती."

"न्हाई," तो म्हणाला. "घेतली नसती."

माझ्या मनात एक गोष्ट राहिली होती. त्या दिवसानंतर ते चारपाच वेळा तरी म्हणाले होते की भाव कसा उतरवला, पण किती बोटं दाबली, काय मागितलं, हे सांगितलं नव्हतं. बाजारात जे टॉवेलाखाली होतं ते बाहेर सांगायचं नसतं, हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं. आता विचारायला हरकत नव्हती.

चहाचा कप त्याने खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"त्यांनी भाव सांगितलाच न्हाई, वहिनी," तो म्हणाला. "एक बोट दाबलं न्हाई. नुसता माझा हात घट्ट धरून उभे हुते. म्हनून मीच म्हनलो, सौदा झाला."