परबकाकूंचा हंडा आणि सोसायटीचं वायफाय

मंडळी, सोसायटीच्या मीटिंगमधून आत्ताच घरी आलोय आणि अजून थक्क आहे!

दहिसरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना मिळून एकच वायफाय घ्यायचंय. सेक्रेटरी म्हणाले, "ऑफिसच्या कामाला फुल स्पीड, टाइमपासला कमी." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

रोज दुपारी मोबाईलवर दशावतार बघणाऱ्या परबकाकू मात्र भडकल्या. "माझो दशावतार टाइमपास काय रे? आमच्या चाळीत नळ एकच होतो. भात शिजवतंस की कपडे धुतंस, असा कोणी विचारूक नाय. नंबर इलो की हंडो भरायचो!"

"आणि दिवसभर गेम खेळणारी पोरं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तेंचोय हंडो हंडोच!"

नेट न्यूट्रॅलिटीवरचे, म्हणजे नेटवर सगळ्या वापराला सारखाच स्पीड हवा यावरचे, एवढे वाद ऐकले यार, पण ती कळली आज.

तुमच्याकडे कोणी विचारतं का, हंडा कशाला भरताय?